दमट हवेतील किचन कॅबिनेट: बोर्ड निवडताना या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत पावसाळ्यात हवेतील आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांच्या वर जाते. तरीही कॅबिनेटचा बोर्ड बहुतेक घरांत लॅमिनेटचा रंग पाहूनच ठरतो. पहिली चूक तिथेच होते. दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हटले म्हणून विश्वास ठेवू नये. शीटवरील आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक पाहावा व तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासावा. आयएस 710 या भारतीय मानकाच्या मरीन प्लायच्या थरांमधील गोंदाचा जोड 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो, तर स्वस्त एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचा प्लाय केवळ हवेतील ओलावा सहन करण्यासाठी असतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या किचनला एकच बोर्ड लावणे. सिंकखाली मरीन प्लाय किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा बोर्ड) वापरावे. मात्र डब्ल्यूपीसीमध्ये स्क्रूची पकड प्लायपेक्षा कमी असते आणि उष्णतेने तो मऊ पडतो, म्हणून शेगडीजवळ तो नको. एचडीएचएमआर (ओलावा सहन करणारा दाट फायबर बोर्ड) दरवाजांसाठी चांगला आहे, पण उघड्या कडेला पाणी साचत राहिले की तोही फुगतो. पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या चुऱ्याचा) आणि साधा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा बोर्ड) ओट्याखाली मुळीच वापरू नये.

माझ्या मते सर्वाधिक नुकसान उघड्या कडांमुळे होते. सुतार दर्शनी कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) लावतो, पण तळाच्या फळीची मागची कड आणि सिंकच्या पाइपसाठी जागेवरच पाडलेले भोक तसेच कोरे राहते. बोर्ड मरीन प्लायचा असला तरी या दोन्ही जागा प्रायमर आणि सिलिकॉनने बंद करून घ्याव्यात. लॅमिनेटही दोन्ही बाजूंना हवे, नाहीतर दरवाजा वाकतो.

कॅबिनेट आधीच बसवले असेल, तर सिंकखालचा दरवाजा उघडून तळाच्या फळीवरून बोट फिरवावे. फुगवटा फक्त पाइपभोवती असेल, तर बहुधा वेस्ट कपलिंग (सिंकच्या निचऱ्याचा जोड) गळत असते. मागची 6 मिमी फळी भिंतीलगत सर्वत्र काळी पडली असेल, तर ओल भिंतीतून येत असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी भिंतीची दुरुस्ती न करता फळी बदलली, तर पुढच्या पावसाळ्यात तीही सडते. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही, म्हणून त्यावर नवे लॅमिनेट चिकटवण्याचा खर्च करू नये. तेवढीच फळी काढून मरीन प्लायची बसवून घ्यावी.