शाळेच्या फुटबॉल संघातला स्टॉपर क्लबसाठी कसा निवडावा

शालेय स्पर्धेत स्टॉपर, म्हणजे बचावफळीत मधोमध खेळणारा बचावपटू, बघायला गेलेल्या माणसाची नजर आपोआप सगळ्यात उंच पोराकडे जाते. तो हेडिंग जिंकतो, स्लाइड मारतो, चेंडू मैदानाबाहेर झोडतो आणि कडेला उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी यातलं बरंचसं नुसत्या अंगाच्या जोरावर जमतं. सतरा वर्षांखालच्या संघासाठी पोरगा घ्यायचा असेल, तर चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो काय करतो ते बघा.

मैदानावर जाण्याआधी जन्मदाखला मागून घ्या. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंद झालेली असेल, तर शाळेच्या पहिलीच्या रजिस्टरशी तारीख ताडून बघा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणीत पुढे कागद अडला, तर पोराचा अख्खा हंगाम बुडतो. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात हेही ध्यानात असू द्या. जानेवारीतला आणि डिसेंबरमधला पोरगा एकाच गटात खेळतो, पण दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. निवडीच्या यादीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलीच पोरं जास्त दिसली, तर आपण खेळ बघितला की वाढ, हे स्वतःला एकदा विचारा.

उंचीचा अंदाज आईवडिलांवरून काढता येतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, बेरजेत १३ मिळवा आणि दोनाने भागा. वडील १७० आणि आई १५७ असेल, तर उत्तर १७० येतं. त्यात आठ-साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. अशा घरातला पोरगा पंधराव्या वर्षीच १७६ असेल आणि त्याला दाट मिशीही आली असेल, तर त्याची वाढ बहुतेक होत आली आहे. आज तो सगळ्यांच्या डोक्यावरून हेडिंग जिंकतो, पण दोन वर्षांत बाकीचे त्याला गाठतील. याउलट १६८चा, बारीक अंगाचा, मोठ्या पावलांचा पोरगा तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर वाढला असेल, तर त्याला सोडू नका. मात्र वाढीच्या भरात गुडघ्याखाली दुखणं आणि धावताना पाय अडखळणं नेहमीचं असतं. त्या काळात त्याच्या वेगावरून निकाल देऊ नका.

सामना बघायला गोलच्या मागे, थोडं उंचावर उभे राहा. गोव्यात म्हापशाच्या धुळेर मैदानावर किंवा फातोर्ड्याला गॅलरी मिळते. गावच्या मैदानावर बांध, पायऱ्या, जे मिळेल ते. टचलाईनवरून पाहिलं तर बचावफळीतली अंतरं कळतच नाहीत. पहिली १५ मिनिटं चेंडूकडे पाहूच नका, फक्त त्या एका पोराकडे बघा. जड जातं, पण करा.

आधी उभं राहणं. चांगला स्टॉपर अंग थोडं तिरकं ठेवतो, एक पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले. त्याला चेंडू आणि स्ट्रायकर दोघेही दिसतात. छाती सरळ चेंडूकडे करून, टाचा टेकवून उभा राहणारा पोरगा पाठीमागे पडलेल्या प्रत्येक चेंडूवर एक पाऊल उशिरा वळतो. त्याची मान मोजा. चेंडू लांब असताना दर तीन-चार सेकंदांनी तो मागे आणि बाजूला पाहतो का? नुसता चेंडूच पाहत राहणारा पोरगा आपला माणूस कुठे गेला हे गोल झाल्यावर शोधतो.

मग समोरच्या संघाच्या मिडफिल्डरकडे आणि आपल्या पोराच्या पावलांकडे एकदमच बघा. मिडफिल्डरवर कुणाचा दबाव नाही, त्याची मान वर आहे, किकसाठी पाय मागे गेला आहे, म्हणजे चेंडू मागे पडणार. स्टॉपरने किक बसण्याआधीच दोन पावलं मागे घेतलेली हवीत. तोच मिडफिल्डर स्वतःच्या गोलकडे तोंड करून अडकला असेल, तर स्टॉपरने पुढे सरकून बचावफळीची लाईन वर काढायला हवी. हे ज्याला कळतं त्याचा वेग जरा कमी असला तरी चालतो. नाही कळत, तर वेगवान पोरगाही वरच्या पातळीवर उघडा पडतो. आमच्या मते पन्नास टक्के गुण इथेच द्यावेत.

स्लाइड टॅकल दिसला की वहीत त्याचं कारण लिहा. बहुतेक वेळा तो आधीची चूक सावरायला मारलेला असतो.

हेडिंगमध्ये जिंकलं-हरलं एवढंच लिहू नका, चेंडू कुठे पडला तेही लिहा. उंच, लांब आणि कडेला गेला तर उत्तम. आपल्या बॉक्ससमोर (पेनल्टी क्षेत्रासमोर) मधोमध पडला, तर जिंकूनही नुकसान. नेहमीची चूक म्हणजे गोलकीपरच्या लांब किकवर पोरगा घाईने पुढे धावतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. जाणकार पोरगा आधी मागे सरतो आणि मग चेंडूवर चालून येतो. चिऱ्याच्या लाल, कडक मैदानावर फेब्रुवारीत चेंडू उंच उसळतो, ऑगस्टच्या चिखलात तो मरतो आणि ओल्या गवतावर सरसर पुढे पळतो. पेडणे-सत्तरीकडचा पोरगा आयुष्यभर एकाच तऱ्हेच्या मैदानावर खेळला असेल, तर तिथल्या एका सामन्यावर हो किंवा नाही ठरवू नका. निदान दोन वेगळ्या मैदानांवर बघा आणि त्यातला एक सामना तरी चांगल्या स्ट्रायकरसमोरचा असू द्या. कमकुवत संघासमोर प्रत्येक स्टॉपर भारताकडून खेळलेला बचावपटू महेश गवळीच वाटतो.

आवाज कान देऊन ऐका. ‘फाटल्यान!’ (कोकणीत ‘मागे!’) ही हाक वेळेवर देणारा पोरगा शेजारच्या बॅकचाही खेळ सुधारतो. गोल खाल्ल्यावर पुढची पाच मिनिटं विशेष बघा: हातवारे करून दुसऱ्यावर ढकलतो, की लाईन पुन्हा लावतो?

ट्रायलमध्ये सगळ्यात मोठी गफलत म्हणजे सात-सात जणांचा सामना लावणं. एवढ्याशा जागेत पाठीमागे मोकळं मैदानच नसतं, त्यामुळे स्टॉपरची परीक्षा होत नाही. अकरा जण जमले नाहीत तर अर्धं मैदान घ्या, गोलकीपर ठेवा, ऑफसाईड लावा आणि मध्यरेषेपासून तीन हल्लेखोरांना दोन बचावपटूंवर सोडा. दहा फेऱ्या पुरतात. ज्याला अक्कल आहे तो पास बंद करत मागे हटतो, वेळ काढतो आणि बॉक्सच्या रेषेजवळ, म्हणजे गोलपासून साधारण १६.५ मीटरवर, चेंडूवर जातो. कच्चा पोरगा ३० मीटरवरच उडी घेतो आणि एका पासात बाद होतो.

वळण तपासायला पाच मीटर उलटं धावायला लावा, टाळी वाजताच एका बाजूने वळून दहा मीटर पळू द्या. डावीकडून तीनदा, उजवीकडून तीनदा. एका बाजूला पाय एकमेकांत गुंतत असतील, तर तो दोष सरावाने सुधारतो, पण नोंद करा, कारण समोरचा कोचही तेच हेरणार. ३० मीटरला हातातल्या घड्याळावर साडेचार सेकंदांच्या आत आला तर छान. हातातलं घड्याळ थोडं कमीच दाखवतं, म्हणून सगळ्यांना एकाच मैदानावर, एकाच दिवशी, एकाच माणसाने मोजावं. पासिंगला दोन्ही पायांनी दहा-दहा चेंडू द्या आणि मागून एक पोरगा दबावाला सोडा. पहिला टच दबावापासून दूर जातो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. हेडिंगचे दहा चेंडू बस झाले, उगाच पोरांची डोकी शेकवू नका.

शाळेच्या पीटी सरांना एक प्रश्न जरूर विचारा: हा आधी कुठल्या जागेवर खेळायचा? मिडफिल्डमधून मागे आलेल्या पोराचे पाय बहुधा चांगले असतात. उंच आहे म्हणून पाचवीपासून मागेच उभा केलेल्याचे पाय आधी तपासा. घरी दहावीच्या परीक्षेचं आणि बसचं बोलून घ्या. वाळपईहून म्हापशाला सकाळी सहाच्या सरावाला रोज कोण पोचवणार, हे ठरल्याशिवाय सही घेऊ नका.

ज्याला आज घेत नाही, त्याला काय कमी पडलं ते नेमकं सांगा, त्याच्या उंचीची तारखेसह नोंद ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्षअखेर जन्मलेल्यांच्या बाबतीत तर हे चुकवूच नका.