पाळीव सापाच्या अंगावरचे माइट्स कसे घालवायचे

आधी कायद्याचं सांगतो. नाग, धामण, अजगर असे देशी साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शेतात साप आजारी दिसला तर वन विभागाला १९२६ वर फोन करा, घरी आणू नका. पुढचं सगळं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर नोंद केलेल्या बॉल पायथनसारख्या परदेशी सापासाठी.

माइट्स म्हणजे गोचिडासारखे रक्त पिणारे बारीक जीव. साप दिवसभर पाण्याच्या भांड्यातच पडून राहू लागला की संशय घ्या. भांड्याच्या तळाशी खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची घडी बॅटरी मारून बघा. सापाला ओल्या पांढऱ्या टिश्यूवरून सरकू द्या. टिश्यूवर पडलेला ठिपका चिरडल्यावर लाल डाग उमटला, तर ते रक्त प्यायलेले माइट्सच. मृग लागल्यापासून कोल्हापुरात जी दमट हवा असते, ती त्यांना फारच मानवते.

झाकणाला भोकं असलेल्या डब्यात कोमट पाणी घ्या, सापाच्या निम्म्या जाडीइतकंच. वीसेक मिनिटं साप त्यात ठेवा आणि तिथून हलू नका. अंगावरचे माइट्स बुडतात, उरलेले डोक्याकडे पळतात. तिथे ओल्या कापसानं हळूच पुसून घ्या.

पण एवढ्यावर थांबलात तर आठवड्यात पुन्हा तेच. मादी अंडी सापावर घालत नाही, साप ठेवतो त्या पेटीच्या फटीत घालते. म्हणजे खरी लढाई पेटीशी. तळाला अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिशवीत बांधून घराबाहेर. लाकडाचा ओंडका पण टाकाच, पावसाळ्यात उन्हाचा काय भरवसा! पेटी कढत पाण्यानं आणि साबणानं घासा, काचेचे सांधे जुन्या टूथब्रशनं. पूर्ण वाळली की तळाला जुना ‘पुढारी’ अंथरा आणि रोज बदला. आंघोळ आणि धुलाई दर चार-पाच दिवसांनी, निदान महिनाभर. मध्ये माइट्स दिसेनासे झाले तरी सोडू नका, अंडी फुटायची असतात. दुसरे साप असतील तर त्यांचं आधी उरका, आजारी सापाचं शेवटी.

गोठ्यात म्हशीच्या गोचिडांवर मारतात ते औषध सापावर अजिबात नको. डांबरगोळ्याही नकोत, त्या वासानं साप दगावू शकतो. साप खात नसेल, मलूल असेल किंवा महिन्यानंतरही ठिपके दिसत असतील तर पशुवैद्य गाठा. सरपटणारे प्राणी बघता का, हे मात्र आधी फोनवर विचारा. माइट्स मारणाऱ्या आयव्हरमेक्टिन या औषधाचा डोस वजनावर ठरतो. आणि घरात कासव असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कासवाला हे औषध जीवघेणं ठरतं.