दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब कुठे जायचं? ठिकाणाचं नाव शेवटी ठरवा

घरात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'कुठे जायचं?' कुणी काश्मीर म्हणतं, कुणी गोवा. धाकट्याला वाघ बघायचा असतो, आजींना देवदर्शन हवं असतं. आठवडाभर चर्चा रंगते, तोवर तिकिटं संपतात आणि मग सगळे गाडी काढून महाबळेश्वरला जातात, जिथे निम्मं पुणं आधीच पोचलेलं असतं. हे टाळायचं तर क्रम उलटा करायचा. आधी तारखा, मग माणसं, मग ऋतू. एवढं झालं की यादीत दोन-तीनच नावं उरतात आणि भांडण आपोआप मिटतं.

१. तारखा पक्क्या करा

शाळेला सुट्टी लागली म्हणजे घर रिकामं झालं असं नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस पंचांगाच्या ताब्यात असतात. पहिलं अभ्यंगस्नान घरीच व्हायला हवं असं आजोबा म्हणणार. भाऊबीजेला वहिनी माहेरी जाणार आणि त्याच दिवशी आत्या तुमच्याकडे येणार. म्हणून बहुतेक कुटुंबांना खरे मोकळे दिवस भाऊबीजेनंतरच मिळतात. पाडवा-भाऊबीजेची आणि त्यांना जोडून आलेल्या शनिवार-रविवारची गर्दी सोडून निघालात, तर रस्ते आणि खोल्या दोन्ही जरा सुटसुटीत मिळतात.

राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या शाळा एकाच दिवशी उघडतील याची खात्री नसते. आतेमामेभावंडं बरोबर येणार असतील तर दोन्ही शाळांच्या सुट्ट्यांच्या तारखा आधी मागवून घ्या. मुलं अजून शाळेत जात नसतील, तर कोजागिरी ते वसुबारस हा मधला काळ हेरा. सहामाही परीक्षा आणि घरची साफसफाई यांमुळे तेव्हा सहसा कुणी बाहेर पडत नाही.

२. सगळ्यात कमी चालणारं माणूस कोण?

सहल त्या माणसाच्या वेगाने होते, म्हणून ते नाव कागदावर सगळ्यात वर लिहा. त्याखाली घाटात उलटी होणारं मूल, वेळेवर जेवण आणि औषध लागणारे काका, रात्री चार वेळा उठणारे आजोबा. लाजायचं कारण नाही. सहा वर्षांखालचं मूल आणि सत्तरीपुढचं माणूस गाडीत असेल, तर एका दिवसात पाच तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवू नये, असं माझं मत. नोव्हेंबरमध्ये सहा वाजता सूर्य मावळतो. घाट त्याआधी उतरायचा, हेही त्याच हिशेबात धरा.

ठिकाण जवळ आहे म्हणजे सोपं आहे असं नसतं. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे अमन लॉजहून शटल गाडी आहे, पण सुट्टीत तिची रांग लांबलचक असते. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि ती पुन्हा सुरू होण्याची तारीख दरवर्षी सारखी नसते. याउलट रायगड अवघड वाटतो, पण रोपवेमुळे आजीसुद्धा वर पोचतात. फक्त माथ्यावर सावली नाही, म्हणून सकाळची पहिली फेरी गाठायची.

३. ऋतू काय म्हणतो ते बघा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. सुंदर फोटो दिसतो, पण तो कुठल्या महिन्यातला आहे हे कुणी विचारत नाही. दिवाळी शरदातली, आश्विन-कार्तिकाच्या सांध्यावरची. या वेळी काय संपलेलं असतं, काय सुरूच झालेलं नसतं आणि काय ऐन भरात असतं, अशी तिहेरी चाळणी लावा.

संपलेलं: कासच्या पठारावरची फुलं साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीत गेलात तर वाळकं गवत दिसेल. घाटातल्या धबधब्यांचीही धार बारीक झालेली असते.

सुरू न झालेलं: महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नाशिकची द्राक्षं, वेळासची कासवाची पिल्लं हे सगळं हिवाळ्यातलं किंवा त्यानंतरचं. कच्छचं पांढरं रण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बऱ्याचदा ओलं असतं, ते डिसेंबर-जानेवारीत खरं पांढरंशुभ्र होतं.

आता पाऊस. हवामान खात्याच्या सरासरी तारखांप्रमाणे मुंबईतून मान्सून ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतो. आपल्याकडे आकाश स्वच्छ झालं म्हणून सगळ्या देशात झालं असं धरू नका. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हाच मुख्य पावसाळा. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा हा पाऊस केरळलाही भिजवतो. हाऊसबोटीत बसून खिडकीतून पाऊस बघायचा असेल तर जरूर जा, पण मुलांना समुद्रात खेळायचं असेल तर ही वेळ नव्हे. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही हाच मोसम: फायलिन (२०१३), हुदहुद (२०१४) आणि दाना (२०२४) ही तिन्ही ऑक्टोबरमधली. पुरी किंवा विशाखापट्टणम ठरवत असाल तर रद्द करता येईल अशीच खोली घ्या.

देवदर्शनाची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. गंगोत्रीचे दरवाजे अन्नकुटाला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या सुमारास बंद होतात. केदारनाथ आणि यमुनोत्रीचे भाऊबीजेला. बदरीनाथ त्यानंतर थोडेच दिवस उघडं असतं. भाऊबीज आटोपून केदारनाथला निघालात तर हिवाळ्यापुरती ऊखीमठला आणलेली उत्सवमूर्तीच भेटेल.

ऐन भरात असलेलं: देशातली खरीखुरी पानगळ पाहायची तर काश्मीर. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार तांबडे-केशरी होतात आणि पांपोरच्या शेतांत केशर फुलतं. थंडी मात्र खरी असते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. एवढा खर्च नको असेल आणि घर विदर्भात असेल, तर चिखलदरा. अमरावती जिल्ह्यातलं हे ठिकाण हजार मीटरहून उंच आहे, गाविलगड शेजारीच आहे आणि कॉफीचे मळेही आहेत. पुण्या-मुंबईचे लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, हे चिखलदऱ्याचं सुखच म्हणायचं.

कोकणाबद्दल थोडं थांबून सांगतो. ऑक्टोबरमधला कोकण घामाने भिजवतो आणि दुपारी परतीच्या पावसाची सर येते. दिवाळी नोव्हेंबरात आली की तोच किनारा सुखाचा होतो. पावसाळ्यात बंद असलेली सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याची होडी तोवर सुरू झालेली असते. म्हणजे दिवाळी लवकर असेल त्या वर्षी डोंगर किंवा लेणी, उशिरा असेल त्या वर्षी समुद्र.

ताडोबात ऑक्टोबरमध्ये गवत उंच असतं, वाघ उन्हाळ्याइतका सहज दिसत नाही. मुलांना हे आधीच सांगा आणि मोर, गवे, रानकुत्री यांची आशा दाखवा. कोल्हापूरचा विचार असेल तर ९ ते ११ नोव्हेंबर या तारखा बघा. तेव्हा अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं थेट मूर्तीपर्यंत येतात. ढग आले तर मात्र हात हलवत परत.

४. बंद असण्याचे वार

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, ताडोबाच्या जंगलाचा गाभा (कोअर) मंगळवारी बंद. एवढं न बघता निघालेली कुटुंबं दर सुट्टीत बंद फाटकापुढे उभी दिसतात.

५. एक नमुना

समजा, पुण्यातलं आठ जणांचं कुटुंब, आजीचे गुडघे दुखतात, मुलं आठ आणि पाच वर्षांची, हाताशी चार दिवस, दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. किनारा उष्ण, कासचा बहर संपलेला, केरळात पाऊस. मी छत्रपती संभाजीनगर निवडेन आणि तिथेच एका ठिकाणी मुक्काम ठेवेन. रोज बॅगा बांधण्याने थकवा येतो, चालण्याने तेवढा येत नाही.

गुरुवारी पोचायचं. शुक्रवारी वेरूळ, सुमारे तीस किलोमीटर. सोळा क्रमांकाचं कैलास लेणं प्रवेशद्वाराच्या समोरच आहे, आजींना फारसं चढावं लागत नाही. बाकीची लेणी ज्यांना झेपतील त्यांनी बघावी. शनिवारी अजिंठा, सुमारे शंभर किलोमीटर. आपली गाडी फर्दापूर फाट्यावर लावून तिथल्या बसने पुढे जावं लागतं, आणि पायऱ्यांसाठी डोली मिळते. तिचा दर बसण्याआधी ठरवा. रविवारी सकाळी बिबी का मकबरा करून घरी. चारऐवजी पाच दिवस असतील तर लोणार जोडा. काठावरून अख्खं सरोवर दिसतं, खाली उतरण्याचा हट्ट आजींनी करू नये. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्यांना निवांत बघता येईल.

६. तिकीट आणि खोली

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ आधी ही मुदत १२० दिवसांची होती). परतीची तारीख वेगळी म्हणजे तिची सकाळही वेगळी, ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढलं तर खालच्या बर्थचा ज्येष्ठ नागरिक कोटा वापरता येतो, पण डबा दुसरा लागू शकतो. पाच वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. राज्यातल्या राज्यात जात असाल तर एसटीचा हिशेब करून बघा: महिलांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत. मोठ्या कुटुंबात ही रक्कम लहान नसते.

खोली ऑनलाइन बघितलीत तरी पैसे भरण्याआधी फोन करा. तळमजल्यावर खोली आहे का? नसेल तर लिफ्ट आहे का? बाथरूममध्ये कमोड आहे का? सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं? लहान मुलासाठी रात्री आठच्या आत वरण-भात होईल का? पार्किंग आवारात की रस्त्यावर? जादा गादीचे किती? रद्द केलं तर किती पैसे परत? यातल्या दोनपेक्षा जास्त प्रश्नांना 'या तर खरं, बघू' असं उत्तर आलं, तर दुसरीकडे फोन लावा.