आठ बाइटांची ताटली

लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, पंखा चालवणारा एक ड्रायव्हर घरच्या मशीनसाठी दुरुस्त करत होतो. सिसएफएस म्हणजे कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था. तिच्या फाइलमध्ये पंख्याचा मोड म्हणून 'ऑटो' लिहिलं की चालायचं, 'क्वाएट'ही चालायचं. 'बॅलन्स्ड' मात्र दरवेळी 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. दोन संध्याकाळी हार्डवेअरला शिव्या घालण्यात गेल्या.

दोष निघाला कॉपीत. आलेला मजकूर आधी ८ बाइटांच्या स्थानिक अ‍ॅरेमध्ये (तात्पुरत्या खणांच्या रांगेत) उतरवायचा, मग शेवटची न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) छाटायची, मग मोडच्या नावांशी तुलना. 'बॅलन्स्ड'ची इंग्रजी अक्षरंच ८, वर मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट. म्हणजे शेवटचं अक्षर गुपचूप गळत होतं.

आधी वाटलं, अ‍ॅरे १६ चा करून मोकळं व्हावं. पण मुळात कॉपी हवीच कशाला? आलेला मजकूर ज्यात असतो तो बफर कॉन्स्ट, म्हणजे न बदलता येणारा, असतो, त्यात न्यूलाइन छाटता येत नाही, एवढ्यासाठीच तर तो खटाटोप. आणि फाइलमध्ये लिहायला वापरतो त्या 'एको' कमांडने चिकटवलेली न्यूलाइन नजरेआड करून तुलना करणारं फंक्शन कर्नलमध्ये तयारच आहे: सिसएफएस_स्ट्रइक्यू. बफरच्या शेवटी शून्य बाइट असतो, याची हमी कर्नल आधीच देतो.

मोडची नावं एका यादीत घातली आणि सिसएफएस_मॅच_स्ट्रिंगला दिली. ते थेट क्रमांक परत देतं, नाव न सापडल्यास एरर. अ‍ॅरे गेला, छाटणी गेली, इफ-एल्सची शिडीही गेली. पंखा आता 'बॅलन्स्ड'वर फिरतोय, आवाज मात्र तसाच!