बेसबॉलमध्ये बॅटिंग सुधारायचीय? आधी डोकं तयार करा
पिचर (बॉल टाकणारा खेळाडू) साठ फूट सहा इंचावरून ताशी 90 मैलांनी बॉल टाकतो तेव्हा तो तुमच्यापर्यंत यायला जेमतेम 0.4 सेकंद लागतात, म्हणजे विचार करायला वेळच नाही, सगळा विचार बॉक्समध्ये (बॅटिंगला उभं राहायच्या जागेत) जायच्या आधीच करून ठेवायचा. आपला नंबर यायची वाट बघताना पिचरचा हात बॉल कुठून सोडतो ते नीट बघा आणि बॉल मारायचा एकच झोन (पट्टा) ठरवा, दोन स्ट्राइक होईपर्यंत (तीन झाले की बाद) बाकीचे बॉल खुशाल सोडा. अमेरिकन बेसबॉलपटू टेड विल्यम्सने 1941 मध्ये .406 ची बॅटिंग सरासरी (हजारात 406 हिट) गाठली ती अशीच, चांगल्या बॉलची वाट बघून. मग एक लांब श्वास सोडा, बॅटवरची पकड सैल ठेवा, घट्ट मुठीने बॅट हळू फिरते. ताकद खांद्यातून नाही, पाय आणि कमरेतून येते, म्हणून स्क्वॉट आणि मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड बॉल) फेकणं अजिबात सोडू नका, टी वर (बॉल ठेवून मारायच्या स्टँडवर) रोज थोडा सराव कराच.