जुनी बेसबॉल कार्डं जमवताना सुरुवात एका खेळाडूपासून करा

बेसबॉल कार्ड म्हणजे पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याची आकडेवारी छापलेलं छोटं कार्ड. अशी कार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या, मिकी मँटल या खेळाडूच्या कार्डाला २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. असले आकडे वाचून अनेकजण या छंदाकडे फिरकतच नाहीत. पण कोपरे झिजलेलं, मधे घडी पडलेलं जुनं कार्ड पुष्कळ स्वस्तात मिळतं, आणि त्यावरचा मजकूर तितकाच नीट वाचता येतो.

आधी खेळाडू ठरवा. सगळंच जमवायला गेलात तर दमाल. मी रोबेर्तो क्लेमेंटे सुचवेन: जन्म पोर्तो रिकोचा, पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाकडून १९५५ ते १९७२ अशी अठरा वर्षं खेळला. त्याचं १९५५चं पहिलं कार्ड महाग असतं, ते नंतर बघू. साठच्या दशकातलं एखादं हाताळलेलं मागा.

हातात आलं की खरं-खोटं तपासा. १९५७पासून टॉप्सचं नेहमीचं कार्ड अडीच बाय साडेतीन इंचांचं आहे. त्याच वर्षाच्या एखाद्या स्वस्त कार्डावर ते ठेवून बघा. कमी भरलं, तर झिजलेली कड लपवायला कुणीतरी ती कापली असण्याची शक्यता आहे. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. चित्र ठिपक्यांचं दिसेल, ते ठीकच. काळी अक्षरं मात्र सलग शाईची हवीत. अक्षरांतही ठिपके असले तर ती बहुधा मूळ कार्डावरून काढलेली नक्कल. विक्रेता भिंग लावू देत नसेल तर तिथून उठा.

ठेवायला मऊ प्लास्टिकची स्लीव्ह आणि वर टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, पुरतं. रबरबँड, सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. ऊन आणि ओल टाळा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला जेफरसन बर्डिक या संग्राहकाने तीस हजारांवर बेसबॉल कार्डं दिली. संधिवाताने आखडलेल्या हातांनी त्यांनी स्वतः ती अल्बममध्ये लावली. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं आणि मार्चमध्ये ते गेले.

आता कार्ड वाचायला बसा, खरा आनंद इथेच आहे. क्लेमेंटेच्या १९६८च्या कार्डाची चौकट तरटासारखी आहे, आणि नाव छापलंय ‘बॉब क्लेमेंटे’. त्याचं नाव बॉब नव्हतं. अमेरिकी मंडळींनी परस्पर केलेलं हे बारसं त्याला खटकायचं. तरी १९५७ ते १९६९ टॉप्सने बॉबच छापलं, १९७०ला पुन्हा रोबेर्तो आला. १९६९ आणि १९७०ची कार्डं शेजारी ठेवता यावीत, एवढ्यासाठी तरी दोन्ही घ्या.

मग १९७३चं. ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. कार्ड उलटं करा, आकडेवारीतल्या एकूण बेरजेच्या ओळीवर बोट ठेवा आणि हिट्सच्या, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठल्याच्या, रकान्यापर्यंत न्या. तिथे ३००० आहे.