बोलिंगचा बॉल निवडताना: वळण आणि आयुष्य यांचा हिशेब

टेनपिन बोलिंगचा, म्हणजे बॉल घरंगळवत पिना पाडण्याच्या खेळाचा, नवा बॉल घेताना बहुतेकांचे लक्ष तो किती वळतो याकडे असते; तो तसा किती काळ वळत राहील, हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर सुचतो. या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने बॉलच्या बाहेरच्या कवचावर, म्हणजे कव्हरस्टॉकवर, ठरतात. त्यामुळे रंग आणि आतल्या कोअरचा, म्हणजे गाभ्याचा, आकार यांच्या आधी कवचाची चौकशी करावी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचारात आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या कवचात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. लेनवर, म्हणजे बॉल घरंगळवण्याच्या पट्टीवर, लावलेले तेल त्यांत शोषले जाते, बॉलला पकड मिळते आणि लेनच्या कोरड्या टप्प्यात पोहोचताच तो पिनांकडे झपाट्याने वळतो. मात्र शोषलेले तेल आतच साठत जाते आणि ज्या छिद्रांनी वळण दिले, तीच भरत गेल्यावर बॉल सुस्तावतो. बॉल मेला, असे खेळाडू म्हणतात तेव्हा तो बहुधा मेलेला नसून तेलाने तुडुंब झालेला असतो. पॉलिएस्टरचे, म्हणजे साध्या प्लास्टिकचे, कवच तेल जवळपास घेतच नाही. ते वर्षानुवर्षे टिकते, पण फारसे वळतही नाही. युरेथेन या दोहोंच्या मधले आहे: वळण संथ आणि एकसारखे, आयुष्य रेझिनपेक्षा सहसा जास्त.

आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने सर्वांत आक्रमक बॉल घेण्याचे कारण मला दिसत नाही. त्याने मध्यम ताकदीचे, पॉलिश केलेले रेझिन घ्यावे, कारण खरवडून चमक घालवलेला पृष्ठभाग तेल लवकर पितो. भरपूर तेलाच्या लेनवर स्पर्धा खेळणाऱ्याला मात्र तसाच खरबरीत बॉल लागतो आणि त्याचे अल्प आयुष्य त्याने खर्चात धरूनच चालावे. दोघांसाठीही एक उपाय सारखाच उपयोगी आहे: सोबत प्लास्टिकचा एक बॉल ठेवून स्पेअर, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना, त्याने पाडाव्यात. कोपऱ्यातली एकटी पिन पाडायला सरळ जाणाराच बॉल बरा, शिवाय महागड्या बॉलवर पडणारे तेलही तेवढे कमी होते.

निगा राखण्याची तयारी नसेल, तर भारी रेझिन घेऊच नये. फेकून परत आलेला बॉल प्रकाशात धरला, तर त्यावर एकमेकांना छेदणारी तेलाची वलये चकाकताना दिसतात. ती पुढच्या फेकीआधी टॉवेलने पुसावीत. खेळ संपल्यावर बॉल कोमट असतानाच क्लीनरने स्वच्छ करावा, कारण थंड झाल्यावर तेल सहजासहजी निघत नाही. वळण तरीही घटले, तर पृष्ठभाग पुन्हा घासून घ्यावा किंवा जाणकाराकडून बॉल गरम करून तेल काढून घ्यावे. घरच्या ओव्हनचा प्रयोग टाळावा. तापमानाच्या झटक्याने कवच तडकते, म्हणून उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही बॉल ठेवू नये.

वापरलेला बॉल घेताना किंमत ठरवण्यापूर्वी दोन बोटांच्या छिद्रांमधली अरुंद पट्टी आणि अंगठ्याच्या छिद्राची कड नखाने चाचपावी. नख अडकले तर ती बहुधा भेग असते आणि अशा बॉलचे वळण कितीही चांगले असले, तरी तो परत ठेवावा.